मामांच्या मांडीतली गोळी

आता चहा उकळतोय तोवर सांगूनच टाकतो. नाहीतर तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तरी कळायचं, आणि दुसरा तिखटमीठ लावून सांगणार, म्हणजे उरलीसुरली अब्रू पण जायची. मिरजेला त्या दिवशी मी जो घोळ घातला, तसा वैऱ्यानंसुद्धा कुणाचा घालू नये. आणि मी तर जावई!

रहिमतपुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात, लोक आणून माझ्या दारात टाकतात, मी तांब्याची तार भरून त्या परत चालू करतो. बैठं काम. हात गुंतलेले, तोंड मोकळं! आणि दुकानाला लागूनच बाळूचं चहाचं दुकान. मग काय होणार, तुम्हीच सांगा.

त्या बाकड्यावर बसून आम्ही देश चालवतो. नवा हायवे कुणाच्या रानातनं जाणार, हे सरकारच्या आधी आम्हाला ठाऊक! उसावर ड्रोन फिरला, तर तो फवारणीचा कसा असेल? तो जमिनी मोजायला आलेला असतो. गुडघे का दुखतात? फिल्टरचं पाणी. झोप का लागत नाही? टॉवर. सीमेवर जरा खुट्ट झालं की बाळू कपबश्या मांडतो आणि आम्ही रणगाडे पुढं सरकवतो. बशी म्हणजे आपण, कप म्हणजे शत्रू. 'मला काय ठाऊक नाही बाबा' असं त्या बाकड्यावर कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तर नाहीच नाही.

आता आमचे मामा. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले, मिशा अजून जागच्या जागी, बोलणं कमी. सुनीताला बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मामा डावा पाय ओढत आम्हाला घ्यायला दारात आले.

मी विचारलं, "मामा, पायाला काय झालं? फौजेतलं का?"

मामांनी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी डोळे वटारले. मग मामा खाली बघून म्हणाले, "चालायचंच."

बस! एवढ्यावरनं मी ओळखलं. अहो, खरा फौजी कधी स्वतःहून सांगतो का? सोयरीक पक्की झाली आणि संध्याकाळी मी बाळूच्या बाकड्यावर होतो.

"सासरा लंगडतोय व्हय रं?" बाळूनं विचारलं.

"लंगडतोय म्हंजे? गोळी लागलीया!"

"आयला! कुठं?"

"मांडीत."

"मग काढली न्हाई?"

"काढली असती तर लंगडला असता का, येड्या? आत हाय अजून!"

आहे का नाही बिनतोड? मला तर बोलताना ती गोळी डोळ्यासमोर दिसत होती. आडवी, जरा तांबूस.

पुढं ती गोळी माझ्या हातात राहिलीच नाही. रहिमतपुरातनं ती मामांच्या गावाला गेली. तिथं झेंडावंदनाला मामांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळायला लागली. सरपंच माइकवर सांगायचे, "आपल्या गावचा वाघ! मांडीत दुश्मनाची गोळी घेऊन जगतोय!" टाळ्या पडायच्या. मामा मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसायचे. मी शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगायचो, "बघा, गर्व कसा तो न्हाई माणसाला!"

एवढं सगळं बरं चाललं होतं. यंदा मात्र मामांची कंबर धरली. डाव्या पायात मुंग्या, मग बधिरपणा, मग त्यांना बसवेनाच. जेवायचं पण उभ्यानं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मिरजेला जाऊन कमरेचा एमआरआय करून आणा, शीर कुठं दबलीय ते दिसू दे. वेळेत कळलं तर पाय वाचेल, उशीर केला तर कायमचा जाईल. घरातली सगळी हबकली. ओळखीपाळखी काढून आम्ही नंबर लावला. सुनीता, म्हणजे माझी बायको, वडिलांना आप्पा म्हणते. निघताना मला म्हणाली, "आप्पांना नीट न्या. आणि आवं, तिथं डोकं चालवू नका."

पण डोकं आदल्या दिवशीच चाललं होतं! बाळूनं सहज विचारलं, "ते मशीन चुंबकाचं असतंय म्हनं?"

झालं! चुंबक म्हणजे माझं खातं. मी मोटारीची बॉडी उचलूनच दाखवली. "हे बघ. ही बाहेरची बॉडी म्हंजे मशीन. आत फिरतोय तो रोटर. तिथं रोटरच्या जागी मानूस झोपवायचा. चुंबक एवढं जबरी, की हितल्या हजार मोटारी एकीकडं आन् ते एकीकडं!"

"आन् मामांची गोळी?"

माझ्या हातातनं बॉडीच निसटली. खरंच की! गोळी! ते मशीन चालू झालं तर गोळी मांडी फोडून बाहेर येणार! बाळूनं तर लगेच एक व्हिडिओ दाखवला, त्यात एक खुर्ची उडून मशीनला चिकटत होती. खुर्चीची ही गत, तर गोळीचं काय?

सकाळी आम्ही रेल्वेत बसलो. म्हणजे मी बसलो. मामा दाराजवळ दांडी धरून उभे. प्रत्येक धक्क्याला त्यांचा चेहरा आक्रसायचा. कराड मागं पडल्यावर मी उठून त्यांच्या कानाशी गेलो.

"मामा, त्या गोळीचं तिथं सांगायला पायजे."

मामा दचकले. "जावईबापू, हात जोडतो. तेवढी गोष्ट तिथं काढू नका."

"पण मामा, जिवाशी खेळ हाय."

"मी सांगतो न्हवं? काय हुत न्हाई."

माझ्या अंगावर काटा आला हो! काय माणूस आहे! गोळीचं सांगितलं तर तपासणी करणार नाहीत, म्हणून हा गडी मांडी फोडून घ्यायला तयार! मी मनाशी ठरवलं, मामांना काय वाटायचं ते वाटू दे, मी त्यांना वाचवणार.

मिरजेला पोचलो. सेंटर माणसांनी भरलेलं. आमचं नाव पुकारलं. काउंटरवरच्या मॅडमनी मामांना विचारायला सुरुवात केली.

"आजोबा, पेसमेकर आहे?"

"न्हाई."

"हाडात रॉड, प्लेट?"

"न्हाई."

"अंगात कुठं छर्रा, गोळी, लोखंडाचा तुकडा?"

"न्हाई," मामा म्हणाले.

"आहे!" मी म्हणालो.

मॅडमनी मान वर केली. "आहे की नाही?"

"न्हाई म्हंतोय न्हवं!" मामा.

"मॅडम, ते सांगणार नाहीत. फौजी आहेत. डाव्या मांडीत गोळी आहे. लढाईतली!"

हे मी जरा मोठ्यानं बोललो असणार, कारण सगळा हॉल वळून बघायला लागला. एक म्हातारा काठी टेकत उठला आणि त्यानं मामांना कडक सलाम ठोकला. एका बाईनं आपल्या नातवाला मामांच्या पाया पडायला लावलं. पलीकडचा एक जण खुर्ची रिकामी करून म्हणाला, "बसा, बसा साहेब!" मामांना बसवतच नव्हतं, ते नको नको करत होते. लोकांना वाटलं, किती साधा माणूस! आता एवढी माणसं ऐकतायत म्हटल्यावर मी गप्प बसेन होय? मी त्यांना मशीन समजावलं. रोटर समजावला. खुर्ची उडाल्याचं सांगितलं. जतकडच्या एका गड्यानं तर आपल्या बायकोचं मंगळसूत्र तिथंच काढून खिशात घातलं. खरं तर बाई नुसती सोबत आली होती.

मॅडम म्हणाल्या, "गोळीचा संशय असेल तर मी आत घेऊच शकत नाही. आधी मांडीचा एक्स-रे काढा. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नाही."

"आन् आमचा नंबर?" मामांनी विचारलं.

"तो पुढच्या पेशंटला द्यावा लागेल. शेवटी वेळ उरला तर बघू. नाहीतर पुढच्या आठवड्यात."

मामांनी माझ्याकडं बघितलं. तसं त्यांनी आजवर कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, उपकाराची जाणीव!

डाव्या मांडीचा एक्स-रे काढला. डॉक्टर बाहेर आले. "यात काही नाही."

"उजवी असेल," मी म्हणालो.

"तुम्ही डावी म्हणाला होता."

"साहेब, गोळी सरकती! रक्ताबरोबर फिरती."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी उजवी मांडी बघितली. वर कंबर बघितली. खाली पोटऱ्या बघितल्या. मामांना प्रत्येक वेळी त्या कडक टेबलावर चढवायचं, कुशीवर करायचं, परत उतरवायचं. त्यांच्या कपाळावर घाम डबडबला होता आणि ओठ दाताखाली होता. मी बाजूला उभा राहून त्यांना धीर देत होतो, "सापडंल, मामा, सापडंल!"

शेवटी डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "यांच्या अंगात गोळी नाही. कधी होती असंही दिसत नाही. तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सगळं गाव सांगतंय, साहेब!"

"आणि गावाला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. काय सांगू? मागं मागं जात बघितलं, तर सरपंचाला कुणी सांगितलं, त्याला कुणी, त्याला कुणी, आणि सगळ्यांच्या शेवटी बाकड्यावर एकटा मीच बसलेलो!

डॉक्टर आत गेले. मामा स्ट्रेचरवर आडवे पडले होते. मी हळूच म्हणालो, "मामा... मग पाय?"

"तुमी पोरगी बघाय येनार म्हनून घराला चुना लावत हुतो. शिडीवरनं पडलो." मामा छताकडं बघत बोलत होते. "पावन्यांना सांगू नका, अपशकुन मानतील, म्हनून तुमच्या सासूनं दम दिल्याला."

"आन् लढाई?"

"मी स्टोअरला हुतो. कांबळी देत हुतो जवानांना. आयुष्यात गोळी लागली न्हाई, देवाची किरपा."

"अवो, मग एवढी वर्सं बोलला का न्हाई?"

मामांनी मान वळवली. "काय बोलू? जावई चार मानसांत सांगून बसल्याला. त्याला खोटा पाडला आन् त्यो रुसला, तर माझी पोरगी नांदायची कशी? पाय तवापासनं ठनकतोय. मागंच एक्स-रेचा फोटो काढून घेतला असता. पर फोटोत तुमची गोळी न्हाई दिसली तर? म्हनून यंदापतोर दवाखान्याची पायरी चढलो न्हाई."

खरं सांगतो, त्या क्षणी जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या माणसानं माझ्या अब्रूपायी पाय सडवत आणला होता, त्याला मी भर हॉलमध्ये मिरवून, टेबलावर पुन्हा पुन्हा लोळवून, त्याचा नंबर घालवून वर म्हणत होतो, सापडंल! शरमेनं रडूच यायला लागलं. मी त्यांचा पाय धरला, नेमका डावा.

"आवं, तो न्हवं! तो दुखतोय!" मामा कळवळले.

तेवढ्यात देवालाच माझी दया आली म्हणायची. एक पेशंट मशीनला घाबरून आतनं उठून बाहेर आला आणि मॅडमनी मामांना हाक मारली. स्ट्रेचर हललं. मामांनी जाता जाता माझा हात घट्ट धरला.

"जावईबापू, आता पोरगी नांदती झाली. पोरंबाळं झाली. आता मी भीत न्हाई. ती गोळी तुमीच घातलीती. आता तुमीच काढा."

आणि दार बंद झालं.

मी डोळे पुसले. म्हटलं, काढतो! आत्ता काढतो! इथनंच सुरू करतो, मग मामांचं गाव, मग बाळूचं बाकडं. ताठ होऊन हॉलमध्ये आलो. पण सलाम ठोकणारा म्हातारा गेला होता. नातवाची बाई गेली होती. सगळी नवीन माणसं. आणि त्यांच्या मधोमध टोपीवाला एक गृहस्थ, मी त्याला कधी बघितलेलं नाही, हात उडवून सांगत होता, "आत्ता घेतलंय त्यांना आत. दोन गोळ्या हायत. चुंबकानं ओढून काढनार. चिरफाड न्हाई, टाका न्हाई!"

मी पुढं झालो. "अवो, तसलं काय न्हाई. गोळी न्हाईच. एक पण न्हाई. ते शिडीवरनं पडलेत."

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. टोपीवाल्यानं मला पायापासनं डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमाला काय ठावं, पावनं?" तो म्हणाला. "त्यांच्या सख्ख्या जावयानं सांगितलंय. जावई कशाला खोटं बोलंल?"