दाबून धरलेले हात

नवी पेठेत चादरींचं दुकान चालवणारे गुरुलिंग आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, शिवानीला, सलूनमध्ये घेऊन गेले. कात्रीचा आवाज आणि मानेवर पडणारे केस तिला सहनच व्हायचे नाहीत. ती किंचाळू लागली. बाकावरचं कुणीतरी म्हणालं, "लई लाडावलीय की." गुरुलिंग ओशाळले. त्यांनी तिचे दोन्ही हात दाबून धरले आणि कारागिराला म्हणाले, "उरका लवकर."

घरी त्यांच्या बायकोने, चंद्रव्वाने, लेकीची मनगटं पाहिली. बोटांचे वळ उठले होते. "डॉक्टर म्हणाले होते की, हा हट्ट न्हाय. तिला खरंच त्रास होतो," एवढंच ती बोलली. गुरुलिंगांना मान वर करवेना. चार लोकांच्या लाजेपायी त्यांनी लेकीला दुखवलं होतं.

पुढच्या खेपेला कात्री त्यांनीच हातात घेतली. शिवानीच्या खांद्यावर मऊ टॉवेल टाकला आणि तिच्या हाती आरसा दिला. "तू बास म्हणालीस की थांबतो."

एक बट कापल्यावर ती म्हणाली, "बास."

त्यांनी कात्री खाली ठेवली. तरीही तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. त्या दिवशी गुरुलिंगांनी कात्री पुन्हा उचलली नाही. पुढचे काही दिवस रोज थोडे थोडे करत केस वाकडेतिकडे कापून झाले.