श्रीरंगपट्टणच्या खालचं पाणी

शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा धडा मी आदल्या संध्याकाळी घरात मोठ्याने म्हणून बघायचे. ऐकायला आई. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या आमच्या दोन खोल्यांत दुसरं होतंच कोण? बाबांना जाऊन महिना झाला होता.

त्या दिवशी कावेरी होती. स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने नदी काढली. वर कोडगूचे डोंगर, मग कृष्णराजसागरचं धरण, त्याखाली श्रीरंगपट्टण, त्याच्याही खाली शिवनसमुद्र. तिथे पाणी मोठाल्या नळांतून उतारावर सोडतात, चक्रं फिरतात, वीज होते. "आणि तिथूनच जवळून," मी झोकात म्हटलं, "पंपांनी चढवत चढवत पाणी आपल्या बेंगळुरूला आणतात!"

भाजी चिरता चिरता आईचा हात थांबला. "श्रीरंगपट्टणच्या खालून?"

श्रीरंगपट्टणलाच तर आम्ही बाबांच्या अस्थी सोडल्या होत्या. जीभ झडो माझी!

"धुण्याभांड्याला चालेल," ती म्हणाली, "पण तोंडाला कसं लावू गं ते पाणी?" दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या विहिरीची कळशी सुरू झाली. भर उन्हाळा, दोन जिने, त्यात तिचे गुडघे. मी आणते म्हटलं तर "तू शाळेला जा, स्वल्प तर आणायचंय." कळशी पुरावी म्हणून घोट घोट प्यायची. आठव्या दिवशी जिन्यातच चक्कर येऊन खाली बसली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. मी घाबरले, आणि रागही आला, माझ्याच शहाणपणाचा.

मग चक्क खोटं बोलले. "आई, चुकलं गं माझं. आपल्या भागाला अर्कावतीचं पाणी येतं. चौकशी करून आले मी." फरशीवर दुसरी नदीसुद्धा काढून दाखवली.

"सरी, बरं तर," म्हणाली. नळाखाली तांब्या भरला आणि उभ्या उभ्याच घटाघटा प्यायली. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

पदराने तोंड पुसत तिने विचारलं, "उद्या वर्गात मुलींना हेच सांगशील?"

मला रडूच फुटलं.

तिने तोच तांब्या पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "घे. दारात आलेल्याला पाण्याशिवाय कधी जाऊ दिलं नाही त्यांनी. आपल्याला बरे तहानलेलं ठेवतील!"

मी तांब्या घेतला आणि प्यायले.