म्हस, शर्ट आणि नेपाळचा ट्रक

लेक दहावी पास झाली. आमच्या घरात दहावी झालेलं ते पहिलंच माणूस. मी दुसरीतच मास्तरला सोडलं, का मास्तरनं मला, आता आठवत न्हाय. दोन हजार सात-आठची गोष्ट. परीक्षेआधी मी शब्द दिलता, "पास हो, म्हणशील तिथं नेतो." मला वाटलं, लई झालं तर महाबळेश्वर म्हणंल.

पोरगी म्हनली, "आप्पा, दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला ट्रेक करायचा."

मी ऐकलं ट्रक. दुसऱ्या दिवशी उचगावला जाऊन गूळ भरून उत्तरेला जाणारा एक ड्रायव्हर गाठला. "पावणं, दोघंच हाय, मी आणि लेक. केबिनमधी मावतोय. जेवण आमचं आम्ही." घरी यून छाती फुगवून सांगितलं, "ट्रक ठरला!"

लेक हसून हसून खालीच बसली. "ट्रक न्हवं आप्पा, ट्रेक! डोंगरातनं चार दिवस चालायचं."

"चालायला एवढ्या लांब? जोतिबाचा डोंगर काय भाड्यानं दिलाय व्हय?"

पर तिला बर्फाचा डोंगर बघायचा हुता. कॅलेंडरवरचा न्हवं, खरा. आणि शब्द माझा हुता.

मग ती नकाशा घिऊन बसली. गोरखपूरपातूर रेल्वे, पुढं बस, ऱ्हायला धर्मशाळा, खायला घरचं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी. मी जुन्या बाजारातनं स्वस्तात बूट आणलं. घरी बघतोय तर दोन्ही डाव्या पायाचं! सराव म्हणून पन्हाळा चढाय गेलो. लेक वर जाऊन झुणका-भाकर खाऊन परत खाली मला न्यायला आली.

मेव्हणा म्हनला, "दाजी, पासपोर्ट लागत न्हाय, मग त्यो परदेश कसला? मतदानाचं कार्ड दाखवून जायचं म्हंजे गावातच फिरल्यागत की."

"मर्दा, तू कागलच्या पुढं कवा गेलास? तिथं नोटा येगळ्या, बोली येगळी, घड्याळ सुदीक आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. परदेशाला आणि काय शिंगं असत्यात?"

खरी शिंगं माझ्या दारात हुती. माझा धंदा दुधाचा. सकाळ-संध्याकाळ म्हस चौकातल्या दूध-कट्ट्यावर न्यायची, गिऱ्हाईकाच्या म्होरं धार काढायची, फेसाचा पेला हातात द्यायचा. आणि ही म्हस माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत न्हवती. बायको जवळ गेली की लाथ. सवतच समजायची तिला. त्यात रेल्वेचं तिकीट मिळालं नेमकं दिवाळीच्या पाडव्याचं. त्या दिवशी कोल्हापुरात म्हशी नटत्यात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि मालक गाडीवर म्होरं, म्हस मागनं पळत. त्या दिवशी गाव सोडणारा म्हसवाला म्हंजे स्वतःच्या लग्नाला गैरहजर नवरा.

कट्ट्यावर एक म्हातारं खवळलं. "पाडव्याला म्हस सोडून पोरगी फिरवतोस? ती उद्या परक्याच्या घरी जाणार."

"जाऊ दे की. पर माझा शब्द काय तिच्या सासऱ्यानं पाळायचा?"

बोललो जोरात, पर घरी यून हिशेब मांडला. दूध तटलं तर म्हस आजारी पडणार, गिऱ्हाईक तुटणार. जाणं मोडल्यातच जमा हुतं. लेकीनं पिशवीतला नकाशा काढला आणि घडी घालून फळीवर ठेवला. त्यो मी परत पिशवीत कोंबला. "ऱ्हाऊ दे तिथंच. जायाचं म्हंजे जायाचं!"

तवा तिनंच तोड काढली. "आप्पा, ती तुमच्या वासावर दूध देती. तुमचा शर्ट मामाला द्या."

मग आठ दिवस मी एकच शर्ट घातला, बायकोला धुवू दिला न्हाय. नवव्या दिवशी त्यो मेव्हण्याच्या अंगात चढवला. त्यानं नाक दाबून धार काढली. म्हशीनं एकदा हुंगलं आणि बादली भरली.

"दाजी, ह्या शर्टावर म्हस पान्हा सोडती, आणि मी प्राण सोडतोय!"

पाडव्याला आम्ही रिक्षातनं स्टेशनला निघालो. माझ्या पायात मेव्हण्याचं बूट, बोटं आखडलेली. चौकात मिरवणूक आडवी आली. म्होरं माझ्या गाडीवर माझा शर्ट घातलेला मेव्हणा, मागनं माझी म्हस, शिंगं लालभडक. मला भरून आलं. अकरा वर्षं जीव लावलेलं जनावर, बघून हंबरणार, दावं तोडून माझ्याकडं येणार, मग जायाचं कसं? मी रिक्षातनं अर्धा बाहेर वाकून हाक मारली.

तिनं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं, जसं कोण उधारीवाला दिसावा. आणि शर्टाच्या मागनं पळत गेली.

"बघितलंस? अकरा वर्षं हिचा जीव शर्टावर हुता, माझ्यावर न्हवंच!"

लेकीनं मला दंडाला धरून आत ओढलं. "बसा नीट आप्पा. ट्रक सुटंल."