अक्का खोल पाण्यात

अक्का चेंजिंग रूममधून बाहेर यायला तयार नव्हत्या. बाकीच्या बायका पोहण्याच्या टँकमध्ये उतरल्या होत्या आणि मी दाराला कान लावून उभी होते.

"अक्का, कॉस्च्युम बसला नाही का?"

"बसलाय की."

"मग?"

"थांब जरा."

हा आवाज मी ओळखलाच नसता. अक्का राजकारणातल्या; शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावांत त्यांचा शब्द चालतो. मीटिंगमध्ये त्यांनी नुसता चष्मा काढला की अधिकाऱ्यांना घाम फुटतो, असं म्हणतात. आणि इथं त्या आतून कडी घालून बसल्या होत्या.

मी कोल्हापुरात स्विमिंग कोच आहे. सकाळची लेडीज बॅच माझ्याकडे असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अक्कांचे पीए, सावंत, माझ्याकडे आले होते.

"मॅडम, अक्कांना पोहायला शिकायचंय. तुमची बॅच महिनाभर बंद ठेवा. टँक फक्त त्यांच्यासाठी."

"बायकांना दिवसाकाठी हाच एक तास मिळतो, सावंतसाहेब. अक्कांनी यायचं तर बॅचमध्येच."

"तुम्ही कुणाशी बोलताय, कळतंय का?"

"तुमच्याशी."

ते तरातरा निघून गेले. आपली नोकरी गेली असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी अक्कांचाच फोन आला.

"सावंताचं मनावर घेऊ नगंस. बॅचमध्येच येतो मी. गेल्या पुरात आमची नाव कलली, पोरी. मी शेजारच्या जवानाचा हात धरला. लोक म्हणाले, अक्कांनी त्याला धीर दिला. अगं, माझंच पाय लटलट कापत होतं. यंदा पाणी आलं तर परत जायला लागंल. लोक पाण्यात आणि मी बंगल्यात, असं चालंल व्हय?"

मग जरा थांबून म्हणाल्या, "पर मी लई लाजतो गं. लगीन झाल्यापासनं डोक्यावरचा पदर कुणासमोर ढळला न्हाय माझा."

हे सगळं मला माहीत होतं. दार कसं उघडायचं, ते मात्र माहीत नव्हतं.

ते उघडलं रेहानाभाभींनी. शिवाजी पेठेत त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. त्या पाण्यातनं निथळत आल्या आणि त्यांनी दारावर थाप मारली.

"अक्का, मी रोज बायकांची मापं घेते. इथं सगळ्यांची पोटं सारखीच हायेत. या भाईर, पाणी थंड व्हायलंय!"

आतून खुसखुस हसण्याचा आवाज आला आणि कडी निघाली. मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा काळा कॉस्च्युम, डोक्याला टोपी, वर गुंडाळलेला टॉवेल. मान खाली घालून अक्का पायऱ्या उतरल्या. छातीभर पाण्यात पोचल्यावरच टॉवेल सोडला.

पुढचे काही दिवस काहीच जमलं नाही. नवशिका माणूस पाण्यात तोंड घालताना श्वास कोंडतो. छाती भरलेली, अंग ताठ, मग पाय खाली जातात. म्हणून आम्ही आधी पोहायला शिकवतच नाही. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावतो. याला आमच्यात बबलिंग म्हणतात. अक्कांना तेही जमेना. तोंड घातलं की घाबरून वर यायच्या, आणि चूक झाली की चोरून बाकीच्या बायकांकडे बघायच्या.

"माझ्याच्यानं हुईत न्हाय," एक दिवस त्या म्हणाल्या. "उद्यापासनं येत न्हाय मी."

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही तासभर भाषण करता, दम लागत नाही. कसं?"

"आता, बोलताना श्वास आपोआप सुटतोय की."

"मग पाण्यात बोला."

"काय बोलू?"

"सभेत पहिलं वाक्य काय असतं तुमचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड पाण्यात घातलं आणि बोलायला लागल्या. नुसता बुडबुड आवाज. वर आल्या, श्वास घेतला, परत खाली. शेजारी रेहानाभाभींनी टाळ्या वाजवल्या. "अक्का, सभा जोरात चाललीय!" अक्कांना एवढं हसू आलं, की नाकात पाणी गेलं. पण त्या दिवशी त्या तरंगल्या.

मग पाय मारणं आलं, हात आले. महिन्याच्या शेवटाला त्या उथळ बाजूला बऱ्यापैकी पोहत होत्या.

"एवढं बास झालं," त्या म्हणाल्या.

"पुरात पाय टेकत नाहीत, अक्का. खोल बाजूला उडी मारल्याशिवाय मी तुम्हाला पोहता येतं म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या आणि सरळ खोल बाजूच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. मी बांबू घेऊन शेजारी. कुणी दमलं तर धरायला आम्ही बांबू पुढं करतो. बायका कडेला सरकल्या.

अक्कांनी नाक धरलं आणि उडी घेतली.

त्या खाली गेल्या. वर आल्या, खोकल्या, हात वेडेवाकडे मारले. मी बांबू अगदी हाताशी नेला. त्यांनी तो बघितला आणि बाजूला ढकलला. मग तोंड पाण्यात. बुडबुडे. हात. श्वास. परत तोंड पाण्यात. मी काठानं बांबू घेऊन चालत होते आणि माझाच श्वास कोंडला होता. त्यांच्या हाताचा वेग मंदावला, पण थांबला नाही. समोरच्या भिंतीला हात लागला तेव्हा त्यांनी टोपी ओढून काढली आणि ओरडल्या,

"पोहलो की गं मी! पोहलो!"

तो सभेतला आवाज होता. बायकांनी टँक डोक्यावर घेतला. गेटबाहेर सावंत धावत आले. आमच्या वॉचमनबाईंनी त्यांना तिथंच अडवलं.

"काय झालं अक्का? कोण काय बोललं का?"

अक्का पाण्यातनं वर आल्या. टॉवेल खुर्चीवरच राहिला. केस मोकळे, अंगावरनं पाणी निथळतंय, आणि ताठ मानेनं गेटपर्यंत चालत गेल्या. सावंतांनी गडबडून नजर खाली घातली.

"फोटो घ्यायला सांगू का अक्का? पेपरला देऊया."

"फोटो न्हाय. चहा सांग. सगळ्यांस्नी."

त्या दिवशी टँकच्या पायरीवर रेहानाभाभींच्या मांडीला मांडी लावून अक्का चहा प्यायल्या, आणि पोहताना त्यांचा हात कसा वाकडा पडतो ते त्यांनाच ऐकवत होत्या. त्या पावसाळ्यात पाणी आलं. अक्का नावेतून गावागावांत गेल्या, लाईफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघून.

लोक मला विचारतात, पाण्याची भीती कशी घालवता? मला ते येत नाही. अक्कांची भीती त्यांच्याबरोबरच पाण्यात उतरली आणि त्यांच्याबरोबरच पलीकडे गेली. मी फक्त श्वास सोडायला शिकवते.