शेवटचा फर्मा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खं ग्रंथालय वहिनी म्हणतं, कारण मी म्हणते. मी पुढे देवघेवीच्या टेबलावर बसते, त्या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांची बांधणी करतात. घरी आमच्यात एक ओटा आणि इथे एक भिंत. तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही, आणि तो मी सोडणारही नाही.

सोळा पानांची एक घडी असते, तिला फर्मा म्हणतात. जुनं पुस्तक आलं की वहिनी त्याची शिवण उसवतात, फर्मे सुटे करतात, लाकडी फळ्यांमध्ये दाबून ठेवतात आणि मग एकावर एक ठेवत पुन्हा शिवतात. बाकीचे बाइंडर क्रम लावताना पानांचे आकडे बघतात. वहिनी गोष्ट वाचतात. आकडे छापणाऱ्याच्या हातून चुकतात, गोष्ट चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. एक कादंबरी शिवायला त्यांना तीन दिवस लागतात ते त्यामुळेच. त्यावरून व्यवस्थापकांची बोलणी मात्र मला खावी लागतात, कारण वहिनींसमोर जायची कुणाची छाती होत नाही.

वाचणारा माणूस मत देणारच. वहिनींची मतं फर्म्यांत असतात. बर्फात अडकलेल्या हॉटेलात सात पाहुणे, आणि सातही जण एकाच माणसाला मारायला आलेले, अशी एक कादंबरी होती. चार फर्मे होईपर्यंत वहिनींनी मला चहालासुद्धा हाक मारली नाही. दहाव्या फर्म्यात तो माणूस जिन्यावरून घसरून आपोआप मेला. वहिनी दाभण हातात घेऊनच बाहेर आल्या आणि भर वाचनकक्षात म्हणाल्या की, सात जणांना एवढ्या थंडीत बोलावलंत कशाला? दुसऱ्या एका पुस्तकात एक बाई वेश पालटून स्वतःच्याच घरी स्वयंपाकीण म्हणून राहते आणि नवऱ्याला पत्ता लागत नाही. काय कल्पना होती! पण शेवटी ती झोपेतून उठते. वहिनींनी त्या पुस्तकाला इतकी पातळ खळ लावली की महिन्याभरात पुठ्ठा निघाला. मुद्दाम केलंत ना, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, हवा दमट होती.

हळूहळू लोक माझ्या टेबलाशी येऊन पुस्तकाआधी वहिनींचं मत मागायला लागले. मी भिंतीवर दोन टिचक्या मारायची आणि नाव सांगायची, आतून आवाज यायचा: "सहा फर्मे सोनं, पुढे माती." लोक सहा फर्मे वाचून पुस्तक परत आणायचे.

ह्या तोंडाची झळ एका माणसाला फार लागली होती. ते आमचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जन्मात एकच कादंबरी लिहिली. गोष्ट एका घड्याळजीची. लोक दुरुस्तीला घड्याळं टाकून जातात आणि न्यायला येतच नाहीत. मग म्हातारपणी तो पिशवीत सगळी घड्याळं भरून एकेकाचं घर शोधत निघतो. वीस वर्षांपूर्वी मास्तरांनी ते पुस्तक भीतभीत वहिनींच्या हातात दिलं. आठवड्याने मत विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या घड्याळजीच्या नादात माझं दूध उतू गेलं. पण शेवट वाचून वाटलं, दूध वाचवलं असतं तर बरं." तेव्हापासून मास्तर रोज येत, वर्तमानपत्र वाचत, पण मागच्या खोलीकडे पाठ करून बसत. वीस वर्षं! मला त्यांची दया यायची, आणि वहिनींचा राग. अहो, खरं बोलावं, पण जरा तोलून बोलावं की नाही माणसाने?

मागच्या वर्षी ते पुस्तक बांधणीला आलं. वाळवीने कडा खाल्लेल्या. वहिनींनी उसवलं, वाचत वाचत शिवलं, नवा पुठ्ठा घालून माझ्याकडे दिलं. एका निवृत्त परिचारिकेने ते सहज नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणताना तिचे डोळे सुजलेले. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने दिराला. सहा महिन्यांत ते पुस्तक एकतीस जणांनी नेलं. त्याआधीच्या वीस वर्षांत दोघांनी नेलं होतं, आणि त्यातले एक मास्तरांचे व्याही.

मास्तरांच्या चालण्यात फरक पडला. लोक त्यांना जिन्यात थांबवून हात हातात घ्यायचे. त्यांनी नवा चष्मा केला. व्यवस्थापकांनी ठरवलं की रविवारी वाचकांना जमवायचं आणि मास्तरांनी शेवटचं प्रकरण स्वतः वाचून दाखवायचं. मास्तर म्हणाले, माझी घरची प्रत आणतो, तिच्यावर वाचायची खूण केलेली आहे.

गुरुवारी वहिनींनी दाबयंत्राखालच्या फळ्या पुसायला काढल्या. थोड्या वेळाने भिंतीवर टिचक्या वाजल्या. आजवर टिचक्या मी मारत आलेय, त्यांनी कधी मारल्या नव्हत्या. आत गेले तर त्या स्टुलावर बसलेल्या, मांडीवर सोळा पानं. मास्तरांच्या कादंबरीचा शेवटचा फर्मा. फळीला चिकटून राहिलेला.

मी उभ्याउभ्या वाचला. घड्याळजीचा हरवलेला जुळा भाऊ येतो, कोर्टात खटला चालतो, पूर येतो, दोन लग्नं लागतात आणि शेवटची चार पानं मास्तर वेळेच्या सदुपयोगावर उपदेश करतात. आमच्या प्रतीत यातलं काहीच नव्हतं. तिथे घड्याळजी पिशवीतलं शेवटचं घड्याळ घेऊन शेवटच्या दारात उभा राहतो, कडी वाजवतो, आणि दार उघडतं. पान दोनशे आठ. संपलं. एकतीस जण त्या उघड्या दारावर रडले होते आणि रविवारी मास्तर त्या दारातून जुळा भाऊ बाहेर काढणार होते.

मी म्हटलं, गप्प बसा. मास्तरांचा घसा बसलाय असं सांगून वाचन रद्द करायला लावू, सभागृहाची किल्ली हरवली म्हणू. म्हाताऱ्या माणसाला उतारवयात चार दिवस सुखाचे आलेत, एकदा खोटं बोललात तर काय आभाळ कोसळणार आहे? वहिनींनी फर्मा कागदात गुंडाळला आणि पायात चपला घातल्या. मीही गेले बरोबर. ह्यांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती.

मास्तरांच्या सुनेने दार उघडलं आणि आम्हाला बघून तिला काही सुचेना. मास्तर टेबलाशी बसून मोठ्याने वाचायचा सराव करत होते. वहिनींनी पुडकं त्यांच्यासमोर ठेवलं आणि काय झालं ते सरळ सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. मास्तरांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे लोकांना जे आवडलं, ते माझं पुस्तक नाही."

"दोनशे आठ पानं तुमचीच आहेत," वहिनी म्हणाल्या. "मी एक अक्षर घातलेलं नाही."

"मुद्दाम काढलीत ही सोळा पानं?"

हो म्हटलं तर मास्तर आयुष्यात तोंड बघणार नाहीत, नाही म्हटलं तर विश्वास ठेवणार नाहीत.

"चुकून राहिली. मी गोष्ट वाचून शिवते, तुम्हाला माहीत आहे. गोष्ट अर्धवट वाटली असती तर पुढचा फर्मा शोधला असता. तुमचा जुना शेवट मी विसरून गेले होते; दार उघडलं आणि मला वाटलं, संपली. मी गाठ मारली, दोरा तोडला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले." मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझी अशी चूक दुसऱ्या कुठल्या पुस्तकात झाली नाही, मास्तर."

सुनेने चहा आणला, तो निवला. शेवटी मास्तर म्हणाले की, आता तुम्ही जा. मला वाईट वाटलं आणि रागही आला, आणि परतताना सबंध रस्ताभर मी वहिनींना बोलत होते. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, म्हणजे त्याही घाबरल्या होत्या.

रविवारी सभागृह भरलं. वहिनी सगळ्यात मागे, दाराशी उभ्या. मास्तर आले, माझ्या टेबलाशी थांबले आणि हळूच म्हणाले की ग्रंथालयाची प्रत द्या, घरची नको. मी दिली. त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. आवाज सुरुवातीला घोगरा होता, मग लागला. घड्याळजीने कडी वाजवली. दार उघडलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं.

मग त्या परिचारिकेने हात वर केला. म्हणाली, सहा महिने झोप लागत नाही मला, एवढं सांगाच. दारात कोण होतं?

मास्तरांनी सभागृहाच्या टोकाला, दाराकडे बघितलं. वीस वर्षांत ग्रंथालयात पहिल्यांदा ते वहिनींकडे तोंड करून उभे होते.

"वीस वर्षं मला माहीत होतं," ते म्हणाले. "गुरुवारपासून मलाही माहीत नाही."

आणि ते हसले. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि मी बघतेय असं दिसताच म्हणाल्या, हवा दमट आहे.