शकुताईची चार वर्षं

शाळेच्या जिन्यावर माझा पाय मुरगळला तेव्हा शकुताईच मला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "चार वर्षं झाली, साहेब. आज तर उभंच राहवेना." डॉक्टरांनी ते तसंच केसपेपरवर उतरवलं आणि मला एक्स-रेला पाठवलं. बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडले.

"तासाभराचं दुखणं कोण बघतं गं इथे?" ती म्हणाली. "गोळी देऊन हाकलतात."

मी शाळेत पाचवीला शिकवते, शकुताई तिथे सेविका आहे. घाटकोपरच्या आमच्या वस्तीत कुणालाही काही झालं की आधी तिला हाक जाते. केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, कुठली सिस्टर ओरडते आणि कुठली ऐकून घेते, सगळं तिला पाठ. तिचं ते खोटं मात्र हौसेचं नव्हतं. तिच्या आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तिने डॉक्टरांना खरं ते सांगितलं होतं, "सकाळपासून." पित्ताची गोळी मिळाली. संध्याकाळी आई गेली. त्यानंतर डॉक्टरसमोर शकुताईच्या तोंडून चार वर्षांच्या खालचा आकडा कधी निघाला नाही.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या, शिवदासदाजींच्या छातीत कळ आली. दाजी साकीनाक्याला एका कारखान्यात लेथवर काम करतात. दोघांनी त्याच्या तीन वर्षं आधी आरोग्य विमा काढला होता, एकही हप्ता चुकवला नव्हता. म्हणून या वेळी ती त्यांना थेट खाजगी हॉस्पिटलात घेऊन गेली. हृदयाच्या दोन नळ्या बंद निघाल्या. एकीत लगेच स्टेंट घातला. दुसरी काही महिन्यांत उघडायलाच हवी, असं डॉक्टरांनी बजावलं. पण दाखल करताना एका पोरसवदा डॉक्टरने विचारलं होतं, "त्रास कधीपासून?" आणि शकुताईने सवयीने उत्तर देऊन टाकलं होतं.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. चार वर्षांचा त्रास पत्नीनेच सांगितला आहे, पॉलिसी तीन वर्षांची आहे, म्हणजे आजार लपवून विमा घेतला. क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द.

"वाट लागली गं, दर्शना," ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली. "आता दुसऱ्या नळीचं काय?"

मला तिचा राग आला आणि कंपनीचा त्याहून जास्त आला. पॉलिसी देताना कंपनीनेच दाजींचा ईसीजी काढला होता आणि तो स्वच्छ होता. हप्ते घेताना माणूस ठणठणीत, आणि द्यायची वेळ आली की तोच जुना रोगी! अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. आधी कंपनीकडेच तक्रार केली, तिथून दोन ओळींचा नकार आला. मग विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं. सुनावणीची तारीख यायला पाच महिने गेले. तोवर दाजी गोळ्यांवर होते. एक जिना चढले की कठड्याला धरून थांबायचे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तिला शिकवून ठेवलं, "डॉक्टरने चुकीचं लिहिलं, असं म्हण. सरळ मोकळी होशील."

लोकपालांसमोर कंपनीच्या अधिकाऱ्याने ते वाक्य वाचून दाखवलं. लोकपालांनी शकुताईला विचारलं, "हे तुम्ही सांगितलंत?"

मी तिला कोपराने ढोसलं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "खोटं सांगितलं. त्या पोराची काही चूक नाही."

लोकपालांनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"मग आता खरं बोलताय, हे कशावरून?"

शकुताईने पायाजवळची पिवळी पिशवी उचलून टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं, तीत डबा असेल. निघाले केसपेपर, सत्तर-ऐंशी तरी असतील. "आमच्या वस्तीतले आहेत. ज्याला त्याला विचारून आणलेत. सगळीकडे मीच बोललेय. बघा, साहेब."

लोकपाल एकेक उलटू लागले. पाय मुरगळला, चार वर्षं. दाढ सुजली, चार वर्षं. डोळे आले, चार वर्षं. काही कागद त्यांनी अधिकाऱ्याकडे सरकवले. एकावर तो थांबला. "हिचं वय अडीच वर्षं आहे," तो म्हणाला. ती आमच्या वस्तीतल्या किरणची मुलगी, रुचिरा होती. खोकला, चार वर्षांपासून.

लोकपालांनी हसू दाबलं आणि असं का, ते विचारलं. तिने आईचं सांगितलं, जसं घडलं तसं. मग कुणी हसलं नाही. लोकपाल अधिकाऱ्याकडे वळले. या एका वाक्याशिवाय जुनी चिठ्ठी, जुना रिपोर्ट, एखादी गोळी, काही आहे का? काही नव्हतं. आणि तुमचाच ईसीजी काय म्हणतो? "नॉर्मल," तो म्हणाला.

महिन्याभरात आदेश आला. क्लेम द्या, पॉलिसी पुन्हा सुरू करा. पत्र वाचताना मला रडू आलं, आणि शकुताई माझ्यावरच ओरडली. दाजींची दुसरी नळी उघडली. त्या वेळी दाखल करताना तिने तोंडावर पदर धरला आणि दाजींकडे बोट केलं, "यांनाच विचारा."

परवा शेजारच्या मथुराबाईंच्या छातीत दुखायला लागलं. त्यांच्याकडे विमा नाही, म्हणून त्याच सरकारी हॉस्पिटलात गेलो. मीही सोबत होते.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

मी शकुताईकडे बघितलं. ती पुढे झाली.

"सकाळपासून."

डॉक्टरांनी मान वर न करता गोळी लिहिली आणि पुढचा नंबर पुकारला. शकुताई उठली नाही. तिने केसपेपरवर हात ठेवला.

"माझ्या आईचंपण सकाळपासूनच होतं, साहेब. सकाळपासून आहे, म्हणून आत्ताच बघायचं. चार वर्षं झाल्यावर काय बघणार?"

मागची रांग ओरडायला लागली. ती हलली नाही. शेवटी डॉक्टरांनी तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला, गोळी खोडली आणि ईसीजी लिहिला.