सासऱ्यांनी टाकलेला शब्द

इथे परदेशात, सँट्रीतल्या बांधकाम कंपनीतली माझी नोकरी गेली आणि मी वर्षभर घरी बसले. अर्ज करायचे, नकार वाचायचे. शेवटी शेवटी तर आपल्याला इंजिनिअरिंग येतं का, याचीच शंका यायला लागली. म्हणून कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रस्ते विभागाकडून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी झपाटल्यासारखी तयारीला लागले. ही नोकरी मला माझ्या जोरावर हवी होती.

मुलाखत सोमवारी होती. शनिवारी दुपारी, नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेले सासरे फिरून परतले ते भलतेच खुशीत. आमच्या भागाचा नगरसेवक शनिवारी लायब्ररीत लोकांच्या तक्रारी ऐकायला बसतो. सासरे तिथे संत्रा बर्फीचा डबा घेऊन गेले होते.

"सांगून आलो ना त्याले," ते बूट काढत म्हणाले. "म्हटलं, आमची सून हुशार आहे, जरा लक्ष ठेवा. आता टेन्शन नको घेऊ बेटा."

जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं, कुणाकरवी शब्द टाकला तर अर्ज बाद. मी ते सांगितलं, तर म्हणाले, "असं तर सगळीकडेच लिहून राहते." आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस, त्याला काय समजावणार? मी तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आदळत राहिले. नवऱ्याने मध्ये पडायचं धाडस केलं नाही.

रविवारी मी सरळ नगरसेवकाचं घर गाठलं. दारातच म्हटलं, सासरे बोलले ते कृपा करून विसरा, कुणाला काही सांगू नका.

"यू आर ग्रँड," तो हसून म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'काही हरकत नाही'. "तुझे सासरे तर मला नागपूरच्या उन्हाबद्दल सांगत होते." आणि त्याने डोळा मिचकावला.

याचा अर्थ काय लावायचा? आपण काही ऐकलंच नाही असं त्याला म्हणायचं होतं, की काम होऊन जाईल असं? विचारायचा धीर होईपर्यंत त्याने दार लावूनही घेतलं.

मुलाखतीत समोरचे तिघंही हसतमुख होते आणि मला प्रत्येक हसण्याचा संशय येत होता. उत्तरं मात्र बरी गेली.

काही आठवड्यांनी फोन आला, नोकरी मिळाली. सासऱ्यांनी लगेच नागपूरला फोन लावला. "आपला शब्द इथंही चालला बरं का," ते कुणाला तरी सांगत होते. मी त्यांना थांबवायला उठले आणि तशीच खाली बसले. न जाणो, ते खरं बोलत असतील तर?